सोनीच्या १६ शॉट पिक्सेल शिफ्टच्या रॉ फाइल जोडायला कोणतं सॉफ्टवेअर वापरावं? जोडलेल्या चित्रावर जाळी का दिसते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खारघरचं घर, आजोबांची ११ बाय १५ इंचांची जलरंगातली चित्रं, कॅमेरा सोनी ए७आर फोर, पिक्सेल शिफ्टने (कॅमेरा आतला सेन्सर किंचित सरकवत एकाच चित्राचे अनेक शॉट घेतो, ते मग संगणकावर जोडायचे) सोळा शॉट घेतले, सोनीच्याच इमेजिंग एज या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइली जोडल्या, तर चित्राच्या कडेला बारीक जाळी उमटते. म्हणून दुसरं सॉफ्टवेअर हवंय, जमल्यास लिनक्सवर चालणारं.

मी ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. पोथ्या, जुने नकाशे, चित्रं यांचे फोटो काढून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ही जाळी चांगलीच ओळखीची आहे. फक्त सॉफ्टवेअर बदलून ती जाणार नाही. सोळा शॉट जोडताना चित्र आणि कॅमेरा जागचे हलले नाहीत हे सॉफ्टवेअर सहसा गृहीतच धरतं. तुमच्याकडे काहीतरी हललंय, आणि जाळी फक्त कडेलाच आहे म्हणजे मला संशय कागदाचा येतो.

हिशेब करून बघा. ए७आर फोरची एक फाइल ९५०४ बाय ६३३६ पिक्सेलची. तुमचं चित्र चौकटीत थोडी कड सोडून बसवलं तर एका इंचाला साडेपाचशेच्या आसपास पिक्सेल मिळतात, म्हणजे एक पिक्सेल कागदावर ०.०४६ मिमी. सोळा शॉटमध्ये सेन्सर अर्धा-अर्धा पिक्सेल सरकतो. ते झालं ०.०२३ मिमी, केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. पंखा चालू, लिफ्ट खालीवर, बाहेरून डंपर गेला, कुणी चहा घेऊन खोलीत आलं, की संपलं.

पण या सगळ्याची काळजी घेऊनही मी एकदा फसलोय. जुलै महिना, ठाण्यातल्याच एका घरातली पोथी. पंखा बंद, दार बंद, ट्रायपॉडच्या पायाला वाळूची पिशवी, तरी पानाच्या कोपऱ्यांत जाळी, मधे मात्र स्वच्छ. अर्धा दिवस ट्रायपॉडला शिव्या घालून झाल्यावर डोक्यात उजेड पडला. पावसाळ्यात ओला झालेला कागद मी एसीच्या खोलीत आणून लगेच दिव्यांखाली ठेवला होता. तो वाळत होता आणि कोपरे हळूहळू वर उचलले जात होते. डोळ्याला काही दिसत नव्हतं, सेन्सरला दिसत होतं. आता मी कागद त्याच खोलीत, त्याच दिव्यांखाली तासभर आधी मांडून ठेवतो. मगच शटर.

तपासायला सोपं आहे. सोळांपैकी पहिली आणि शेवटची फाइल घ्या, दोनशे टक्क्यांवर कोपऱ्यातलं एखादं टोकदार तपशिलाचं ठिकाण आलटून पालटून बघा. सेन्सर स्वतःहून सरकतो तो एक-दीड पिक्सेल. त्याहून जास्त उडी दिसली तर फोटो काढतानाच काहीतरी हललंय. जाळी सगळीकडे सारखी असेल तर मात्र दिव्यांचा उजेड दर शॉटला कमीजास्त होतोय का ते बघा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५ सेकंदासारखं संथ ठेवलं की उजेड दर शॉटला बराच सारखा येतो.

आता माझं खरं म्हणणं: सोळा सोडा, चार शॉट घ्या.

सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाची गाळणी असते. निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजाऱ्यापाजाऱ्यांवरून अंदाजाने भरतं. चार शॉटमध्ये सेन्सर पूर्ण एक-एक पिक्सेल सरकतो आणि प्रत्येक जागी तिन्ही रंग प्रत्यक्ष मोजले जातात. जलरंगात कागदाच्या पोतात उतरलेला रंग असतो ना, तिथे फरक पडतो तो याचाच. फाइल ६१ मेगापिक्सेलचीच राहते, पण ११ बाय १५ च्या चित्राला इंचाला साडेपाचशे पिक्सेल दुप्पट आकाराच्या छपाईलाही पुरतात. सोळा शॉटचे २४० मेगापिक्सेल म्हणजे सोळा अनकंप्रेस्ड रॉ मिळून जवळजवळ २ जीबी, आणि १६ बिटची टिफ काढली तर ती एकटीच १.४ जीबी. लॅपटॉप घाम गाळतो आणि हाती फारसं जास्त काही लागत नाही. शिवाय अ‍ॅपर्चर एफ ११ वर ठेवलंत तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे) ते जादा पिक्सेल पुसटच राहतात. एफ ५.६ ठीक.

चार शॉटचा दुसरा फायदा सॉफ्टवेअरचा, आणि इथे तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. इमेजिंग एज फुकट आहे पण लिनक्सवर नाही, आणि तुमच्या फाइलींत हललेल्या जागांचं त्याने नीट काही केलेलं दिसत नाही. लाइटरूम सोनीचे सुटे शॉट एकत्र जोडत नाही, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका. लिनक्सवर मेक-एआरक्यू नावाची छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. ती चार एआरडब्ल्यू (सोनीच्या रॉ) फाइलींची एक एआरक्यू, म्हणजे जोडलेली रॉ फाइल, करते. ती रॉथेरपी या रॉ फाइलींच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, डिमोझेइकिंगमध्ये (रंग भरण्याच्या टप्प्यात) पिक्सेल शिफ्ट निवडा आणि मोशन करेक्शन, म्हणजे हललेल्या जागांची दुरुस्ती, ऑटोमॅटिकवर ठेवा. जिथे काही हललंय तिथे ते चारांपैकी एकाच शॉटवरून नेहमीच्या पद्धतीने रंग भरतं, त्यामुळे जाळी जाते. मास्क, म्हणजे हललेल्या जागांवरची खूण, दाखवायची सोय आहे, ती जरूर चालू करून बघा. तुमचा कागद कुठे उचलला गेला त्याचा नकाशाच समोर येतो. शॉटमधला उजेडाचा फरक सारखा करायचाही पर्याय तिथेच आहे. विंडोज किंवा मॅक हाताशी असेल तर लिबरॉवाल्यांचं पिक्सेलशिफ्ट२डीएनजी बघा. ते शॉट जोडून डीएनजी (बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी रॉ फाइल) देतं, मग पुढचं काम कशातही करा.

बाकी कॅमेऱ्यांत प्रत्येक कंपनीचा वेगळा सुभा आहे. पेंटॅक्स चारही शॉट एकाच फाइलीत ठेवतं, फुजीला स्वतःचं पिक्सेल शिफ्ट कम्बायनर, निकॉनला एनएक्स स्टुडिओ. मित्राचा कॅमेरा उसना आणायच्या आधी एवढं बघून घ्या.

आत्ताच्या सोळा फाइली टाकून देऊ नका. त्यातली कुठलीही एक सुटी रॉ म्हणून उघडते आणि ६१ मेगापिक्सेलचा चांगला फोटो देते. चित्राचा फोटो पुन्हा काढणं जमलं नाही तरी तेवढा हाती राहील.