चासी नंबर गंजलाय, आरसी मृत मालकाच्या नावावर: जुनी जीप घेतलेल्या वाचकाला सल्ला

प्रश्न: मी सिंहगड रोडला राहतो. गेल्या वर्षी भोर तालुक्यातल्या एका गावातून १९६८ सालची महिंद्राची सीजे-३बी जीप घेतली. ठरले १,२०,०००, दिले ९०,०००. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला आहे. आरसी विकणाऱ्याच्या वडिलांच्या नावावर आहे. ते २००९ मध्ये वारले. नोंदणीची मुदत २००४ मध्येच संपलीय. मूळ पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल बसवलंय. गॅरेजवाले म्हणतात, चासी गंजून गेली, दुसऱ्या जीपची चासी ४५,००० ला मिळते, तिच्यावर तुमचा नंबर ठोकून देऊ. मी ४०,००० दिले होते. आता आणखी ३५,००० दिल्याशिवाय जीप देणार नाही म्हणतात. माझं सगळं मिळून बजेट साडेतीन लाखांचं आहे. मला ती ऑलिव्ह ग्रीन रंगात रस्त्यावर आणायची आहे. कायद्याने काय करता येईल?

उत्तर: सगळ्यात आधी गॅरेजला फोन करा आणि चासीला, म्हणजे जीपच्या खालच्या लोखंडी फ्रेमला, हात लावू नका म्हणून सांगा. कापायची नाही, सँडब्लास्टिंगला पाठवायची नाही, ग्राइंडर लावायचा नाही. त्याच दिवशी हेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवा. तुमच्या प्रश्नातल्या बाकी सगळ्या गोष्टी, म्हणजे वारसांच्या सह्या, इंजिन, गॅरेजचं बिल, कमीजास्त खर्चाने दुरुस्त होतील. चासी नंबर गेला तर त्याला उपाय जवळजवळ नाही.

दुसऱ्या फ्रेमवर तुमचा नंबर ठोकणं म्हणजे एका गाडीची ओळख दुसऱ्या गाडीला चिकटवणं. ती दुसरी फ्रेम कुठून आली, हे तुम्हाला माहीत नाही. ती चोरीच्या जीपची निघाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली, म्हणजे चोरीचा माल बाळगल्याबद्दल, तुम्हाला उत्तर द्यावं लागेल. चोरीची नसली, तरी खोटा ठोकलेला नंबर दाखवून नोंदणी मिळवणं हा फसवणुकीचा आणि खोट्या दस्तऐवजाचा विषय होतो. कारखान्यातल्या पंचाची अक्षरं, त्यांचं अंतर आणि खोली ठरावीक असते. हाताने ठोकलेला नंबर मोटार वाहन निरीक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. ‘सगळे असंच करतात’ हे गॅरेजवाल्याचं म्हणणं न्यायालयात तुमच्या उपयोगाचं नाही, कारण आरसीवर नाव तुमचं असणार आहे.

आता नंबर खरंच गेलाय का, ते नीट पाहा. बहुतेक वेळा तो असतो, गंजाखाली दडलेला असतो. आधी आरसीवरचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून जवळ ठेवा. फ्रेमवर नंबर असतो त्या जागी रॉकेल किंवा गंज सुटणारं तेल लावून रात्रभर राहू द्या. सकाळी पितळी ब्रशने, हातानेच, एका दिशेने घासा. ड्रिलवरचा तारेचा ब्रश नको. मग फॉस्फोरिक अ‍ॅसिड असलेलं गंज काढायचं जेल पंधरा-वीस मिनिटं ठेवून पुसा. गरज पडली तर पुन्हा लावा. कोरडं झाल्यावर खडू चोळा आणि बॅटरीचा उजेड समोरून न टाकता कडेने, अगदी पत्र्याला टेकवून टाका. अक्षरांच्या कडा सावलीत उठून दिसतात. वाचता आला की पातळ कागद चिकटपट्टीने लावून मऊ पेन्सिलने छाप घ्या, तीन-चार प्रती काढा. आरटीओत हीच पेन्सिल प्रिंट लागते. फोटो काढताना आजूबाजूची फ्रेमही दिसू द्या. मग त्या जागेवर ग्रीस लावून वर टेप गुंडाळा, म्हणजे पुढे रंगकामात ती वाचेल. बॉडीवरची चासी नंबरची पट्टी रिव्हेट तोडून काढू नका. तिची मूळ रिव्हेट हासुद्धा पुरावा असतो.

काही अक्षरं तरीही वाचता आली नाहीत, तर खोलवर घासू नका. पंच मारताना अक्षराखालचं लोखंडही दाबलं जातं. त्यामुळे वरचा थर झिजला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायन लावून नंबर पुन्हा उठवता येतो. ग्राइंडरने तो दाबलेला थरच निघून जातो. अशा वेळी आरटीओकडे लेखी अर्ज करून पाहणी मागायची. नंबर पुन्हा पाडायचाच झाला, तर तो लेखी परवानगीनंतर आणि ते सांगतील तिथेच.

चासी बदलावी लागते का, हेही तपासून घ्या. फ्रेम पूर्ण गेली असं म्हणण्याआधी टोकदार हातोडीने दर दोन-तीन इंचावर ठोकून बघा. टणक आवाज आला तर लोखंड शाबूत आहे, बद्द आवाज आला किंवा टोक रुतलं तर तेवढा भाग गेलाय. या जीपमध्ये गंज बहुधा ठरावीक जागी असतो: मागचा क्रॉस मेंबर (फ्रेमची आडवी पट्टी), स्प्रिंगचे हँगर आणि जिथे चॅनेल बंद पेटीसारखी होऊन चिखल आत अडकतो तो भाग. डिझेल इंजिन जड असतं आणि जास्त थरथरतं, म्हणून इंजिन माउंटिंगजवळचे तडेही पाहा. एवढाच भाग कापून तीन-चार मिलिमीटरच्या प्लेटने जोडता येतो. प्लेटची टोकं चौकोनी नकोत, तिरकी कापा. फ्रेमला आडवा सरळ वेल्ड मारला की तडा त्याच रेषेवर पुन्हा जातो. नंबरच्या जागेपासून किमान वीतभर लांब राहा. फ्लोअरचा पत्रा सोळा किंवा अठरा गेजमध्ये नवीन घातला तरी कायद्याची हरकत नाही. आकार आणि जागा मूळचीच राहिली तर ती दुरुस्ती आहे. हे काम ४५,००० च्या फ्रेमपेक्षा स्वस्त पडण्याची शक्यता जास्त, आणि कायदेशीर आहे हे त्याहून महत्त्वाचं.

कायद्याची रेघ मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. ‘बदल’ म्हणजे मूळ स्वरूप पालटणारा रचनेतला फेरफार. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ (४) खाली मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून टेप घेऊन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत मोजा. सीजे-३बीचा व्हीलबेस ८० इंच. आपल्याकडे वडापसाठी, म्हणजे सीटप्रमाणे प्रवासी नेण्यासाठी, कित्येक जिपा मागून लांबवल्या गेल्या. तुमची त्यातली असेल तर आधी हेच निस्तरावं लागेल. ती वडापला लावली होती का, आरसीवर वर्ग खासगी आहे की वाहतुकीचा, हेही पाहा.

इंजिनाचं मात्र अवघड आहे. आरसीवर इंधन डिझेल अशी जुनी नोंद आणि त्या इंजिनाचा नंबर असेल तर तुमचं नशीब. पान उलटून शिक्क्यांच्या नोंदी नीट वाचा, त्या काळी शाईने लिहिलेल्या असत. नोंद नसेल तर आज त्या डिझेल इंजिनाला मान्यता मिळवण्याच्या मागे लागू नका. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओची परवानगी घेऊन बदलता येतं. म्हणजे या जीपला चार सिलिंडरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, साधारण २,२०० सीसीचं. त्याच उंच इंजिनासाठी सीजे-३बीचं बॉनेट इतकं उंच आहे. जुनं इंजिन नाना पेठेत किंवा भंगारात शोधाल तेव्हा त्याच्या नंबरचा उल्लेख असलेलं बिल घ्याच. बिल नसेल तर ते इंजिन, कितीही चांगलं असलं तरी, घेऊ नका. आधी परवानगी, मग बसवणं, आणि बसवल्यापासून चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद.

जीप ‘विंटेज’ म्हणून नोंदवावी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण कुणीतरी सुचवेलच. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी विंटेज ठरते, पण ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार झालेला चालत नाही. शुल्क २०,०००, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. आणि गाडी रस्त्यावर काढता येते ती फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यापुरती. तुम्हाला रविवारी पानशेतला किंवा ताम्हिणीला जायचं असेल तर ही नोंदणी घेऊ नका. नेहमीचं नूतनीकरण घ्या. पुण्यात केवळ वयामुळे गाडीवर बंदी नाही. दहा-पंधरा वर्षांचा नियम दिल्ली परिसरापुरता आहे, तो आपल्याकडे ओढून आणून लोक उगाच घाबरवतात.

नेहमीच्या नूतनीकरणाला नमुना २५ चा अर्ज, विमा, पीयूसी आणि गाडीची प्रत्यक्ष पाहणी लागते. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनाचं शुल्क १०,००० रुपये आहे, जीएसटी वेगळा. नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं. उशिराबद्दल दरमहा ५०० रुपये जास्तीचे आहेत, आणि तुमचा उशीर वीस वर्षांहून जास्त आहे. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणून उशीर कोणत्या तारखेपासून मोजला, हे आरटीओकडून लेखी मागा, एजंटच्या तोंडी आकड्यावर पैसे देऊ नका. पर्यावरण कर आणि थकीत रस्ता कर वेगळे. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागेल. नोंदणी चालू होईपर्यंत जीप चालवत नेऊ नका, रिकव्हरी व्हॅनवर न्या. नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्याच वेळी ५,००० पर्यंत दंड आणि गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना आहे.

आता मालकी. वडील मृत्युपत्र न करता वारले असतील, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांची बायको, सगळे मुलगे, सगळ्या मुली आणि हयात असल्यास त्यांची आई यांचा समान हक्क. एकट्या मुलाच्या सहीने पूर्ण जीप तुमची होत नाही. सहमालकाकडे इतरांच्या संमतीने ताबा असेल आणि तुम्ही प्रामाणिकपणे घेतली असेल, तर मालविक्री कायद्याचं कलम २८ तुमच्या मदतीला येऊ शकतं. पण तो न्यायालयातला बचाव झाला, त्यावर आरटीओ नाव चढवत नाही. रस्ता दोन टप्प्यांचा आहे. आधी मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं आणि नमुना ३१ देऊन जीप त्या मुलाच्या नावावर. मग नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन तुमच्या नावावर. नाव बदलून घ्यायची मुदत केव्हाच गेलीय, त्याचा दंड भरावा लागेल. वारसांपैकी कुणी अडून बसलं तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला काढावा लागेल, त्यात महिने जातात. तेव्हा आधी स्वतः जाऊन बोला. त्यांना सांगा की नोंदणीवर ज्याचं नाव, तोच मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने मालक. नवीनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गाडी विकल्यानंतरही अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच टाकली. वडिलांचं नाव लवकर निघणं त्यांच्याही हिताचं आहे. उरलेले ३०,००० तुमच्या नावाची आरसी हातात पडेपर्यंत देऊ नका, आणि हे पुरवणी करारात लिहून घ्या.

हे सगळं सुरू करण्याआधी सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर जीपची स्थिती बघा. नोंदणी रद्द झालेली दिसली तर इथेच थांबा. काहीच दिसत नसेल तर जुन्या रजिस्टरमधली नोंद संगणकावर चढलेली नाही. जिथे नोंदणी झाली त्या आरटीओत अर्ज द्या. उत्तर आलं नाही तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग) पोर्टलवर चासी आणि इंजिन दोन्ही नंबर टाकून चोरीची नोंद नसल्याचा दाखलाही काढा.

गॅरेजबद्दल: करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाची वाजवी मजुरी मिळेपर्यंत त्यांना जीप अडवता येते. पण झालेल्या कामापुरतीच. न झालेल्या कामाचा आगाऊ पैसा किंवा नुसती उभी ठेवल्याचं भाडं त्यात बसत नाही. स्पीड पोस्टाने पत्र पाठवून कामानुसार बिल आणि काढून ठेवलेल्या भागांची यादी मागा. काम ४०,००० च्या आत असेल तर जीप सोडावीच लागेल. वाद थोड्याचा असेल तर ‘हक्क राखून’ असं लिहून पैसे भरा, जीप घरी आणा आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. ताबा घेताना चासी नंबरच्या जागेचा फोटो तिथेच काढा आणि तुमच्या पेन्सिल प्रिंटशी ताडून पाहा.

आणि रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना आहे, तुम्हाला तो मिळणार नाही. आरसीवर जो रंग आहे तोच द्या, किंवा दुसरा निवडून त्याची नोंद करून घ्या. ऑलिव्ह ग्रीनचा डबा घेतला असेल आणि उघडला नसेल, तर परत करून या.