आजोबांचा गंजलेला वस्तरा: पेपर, पेस्ट आणि दगड पुण्यात कुठे मिळतील?

तुमचा प्रश्न असा: आजोबांचा सोलिंगेनचा (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) वस्तरा ट्रंकेत सापडला, पातं गंजलंय, परदेशी लोक वापरतात ते दुरुस्तीचं किट इथे मिळत नाही, तर घासायचं आणि चमकवायचं सामान कुठून आणायचं.

किटच्या मागे लागू नका. मी भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे साचे बनवणाऱ्या कारखान्यात, बरीच वर्षं मोल्ड (साचा) पॉलिशिंगचं काम केलं. प्लास्टिकच्या साच्याला आरशासारखी चकाकी आणायला जे लागतं, तेच वस्तऱ्याला लागतं, आणि ते सगळं पुण्यात मिळतं. फक्त एका दुकानात मिळत नाही.

पहिलं दुकान गाड्यांच्या रंगाचं. नाना पेठेत अशी बरीच आहेत. तिथे ‘वॉटर पेपर’ मागा, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा घासकागद. सुताराचा पॉलिश पेपर घेऊ नका, तो पाण्यात भिजला की लगद्यासारखा होतो. ४००, ६००, १०००, १५०० आणि २००० असे दोन-दोन कागद पुरतात. मागच्या बाजूला नंबराआधी ‘पी’ छापलंय का ते बघून घ्या.

दुसरं, टूलरूमला माल पुरवणारं दुकान. भोसरी एमआयडीसीत किंवा रविवार पेठेत बोहरी आळीत विचारा. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीट. इथे डायमंड पेस्ट, म्हणजे हिऱ्याच्या बारीक पुडीची पॉलिशची पेस्ट, मिळते, इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत. ६, ३ आणि १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग, दाण्याचं माप) एवढ्याच घ्या. मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट एका पात्याला पुरते, त्यामुळे एक नळी वर्षानुवर्षं जाते. प्रत्येक नंबराला कापसाचं किंवा फेल्टचं (दाबलेल्या लोकरीचं) वेगळं फडकं ठेवा. सहाची पेस्ट लागलेलं फडकं एकच्या वेळी वापरलंत, तर सगळी मेहनत वाया.

तिसरं, सोनारांच्या हत्यारांचं दुकान. सोन्या मारुती चौकाच्या आसपास विचारा. फेल्ट, लाल रूज (चमक आणायची बारीक लाल पूड) आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग तिथे मिळेल. बाकी काही घेतलं नाहीत तरी भिंग घ्याच.

आता नंबरांचा घोळ, कारण यात भलेभले फसतात. कागदाचा नंबर आणि धार लावायच्या दगडाचा नंबर एक नसतो. २००० च्या ‘पी’ कागदाचा दाणा साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे तो १००० च्या जपानी दगडाच्या जवळपास बसतो. ८००० च्या दगडाचा दाणा १.२ मायक्रॉनच्या आसपास. म्हणून दुकानदाराशी बोलताना शक्यतो मायक्रॉनमध्ये बोला. २००० चा कागद फिरवून पातं चकाकलं तरी त्याने दाढी होणार नाही. चकाकी वेगळी, धार वेगळी.

घासताना कागद जुन्या स्लीपरच्या रबराच्या तुकड्याला गुंडाळा. पातं लाकडी ठोकळ्यावर सपाट टेकवा आणि हात नेहमी पाठीकडून धारेकडे न्या. उलट नेलात तर कागद कापला जाईल आणि बोटही. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका. आधी तांबूस पाणी निघेल, मग काळं. नंबर बदलला की हात थोडा वेगळ्या तिरप्या कोनात फिरवा, पण पाठीकडून धारेकडेच, आणि ट्यूबलाइटखाली पातं तिरपं धरून बघा. आधीच्या नंबराचे आडवे चरे एकही दिसेनासे होईपर्यंत पुढचा कागद उचलायचा नाही. कंटाळा येतो, पण सगळं काम इथेच होतं. सुरुवात ४०० पासूनच करायची असंही नाही. १००० ने गंज निघत असेल तर ४०० ला हात लावू नका. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा नक्षी असेल तर तेवढा भाग सोडून द्या. तो मुलामा फार पातळ असतो, साध्या पॉलिशनेही निघून जातो.

मोटरला बफ (पॉलिशचं कापडी चाक) लावून काम उरकायचा मोह होईल, मलाही झाला होता. जुन्या बाजारातून आणलेला पोकळ घासणीचा (पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट घासलेला) सुंदर वस्तरा मी बेंच ग्राइंडरच्या बफवर धरला आणि दोन-तीन सेकंदांत धारेलगत निळी रेघ उमटली. निळा रंग म्हणजे पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं, त्याचं पाणी उतरलं, म्हणजे कठीणपणा गेला. त्या जागी पुन्हा धार टिकली नाही. धारेजवळ पातं कागदासारखं पातळ असतं, उष्णतेला जायला जागाच नसते. शिवाय बफमध्ये अडकलेलं पातं कुठे उडेल याचा नेम नाही. हातानेच करा.

मूठ अंगठ्याने जोरात चोळून वास घ्या. कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या प्लास्टिकची आहे. तिला आगीपासून लांब ठेवा. गंज नेमका मुठीत बसणाऱ्या भागावरच जास्त असेल, तर सडत चाललेल्या सेल्युलॉइडच्या वाफेनेच तो आला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी मूठ बदलल्याशिवाय पातं साफ करून उपयोग नाही.

पैसे वाचवायचे नाहीत ते दगडात. १००० आणि ६००० ची जोडबाजू असलेला जपानी दगड ऑनलाइन मागवा, जमल्यास पुढे ८००० किंवा १२००० चा. शेवटी क्रोमियम ऑक्साइडची अर्ध्या मायक्रॉनची हिरवी पेस्ट एका चामड्याच्या पट्ट्यावर, आणि दुसरा पट्टा कोरा. बफिंगचा हिरवा साबण या पट्ट्यावर चोळू नका. त्यात बऱ्याचदा जाड दाणाही मिसळलेला असतो.

काही विकत घेण्याआधी भिंगातून धार बघा. गंजाचा खड्डा थेट धारेपर्यंत गेला असेल तर खर्चाचा हिशोब बदलतो, कारण मग धारच मागे घ्यावी लागते, म्हणजे खड्डा जाईपर्यंत कड घासून काढावी लागते. दोन्ही बाजूंचा जवळून काढलेला फोटो टाका, बघून सांगतो.