वहीतला उजवीकडचा रकाना

"मॅडम, साखर पूर्ण बंद केली तर गाठ उपाशी मरेल ना?"

कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की माणूस खुर्चीत टेकायच्या आत ओळखू येतो. विचारणारा बहुधा रुग्ण नसतो. स्वयंपाकघराचा ताबा घेतलेला घरातला कुणीतरी असतो.

हे काका त्यांतलेच. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) काकूंना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, केमो चालू. काकांच्या हातात जाड वही, पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, पदार्थ, ग्रॅम. 'अर्धं सफरचंद, 62.' साखर, दूध, बटाटा यांवर लाल पेनाची काट.

पहिल्या भेटीत मी चुकले. माहिती देत बसले. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोजचा, म्हणजे साखरेचा, फडशा पाडतात हे जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवलं होतं, किरणोत्सारी ग्लुकोज टोचून काढतात त्या पेट (PET) स्कॅनमध्ये गाठ उजळते तीही त्यामुळेच. पण ताटातली साखर काढली म्हणून रक्तातली संपत नाही. यकृत ती बनवत राहतं, आणि खाणं कमी पडलं की त्यासाठी स्नायू मोडतात. काकांनी मुद्दे लिहून घेतले, मान डोलावली, आणि पुढच्या वेळी आले ते केळंही बंद करून. वर अँटिऑक्सिडंट गोळ्यांची बाटली.

फिनलंडमधल्या एका मोठ्या चाचणीत बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त आढळला होता. 1994 ची गोष्ट. ओठांवर आलेलं हे मी गिळलं. "उघडण्याआधी डॉक्टरांना दाखवा," एवढंच म्हटलं. माणूस माहितीवाचून क्वचितच अडतो, तो एखाद्या 'च'पाशी अडतो, असं माझं मत. 'टळायलाच हवं होतं.' 'माझ्यामुळेच झालं.' तो 'च' वर येईपर्यंत तोंड बंद ठेवायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली.

तिसऱ्या भेटीला काकू सोबत आल्या. वहीत अगदी उजवीकडे एक अरुंद रकाना होता, त्याला शीर्षक नव्हतं.

"काका, हे काय?"

"हिचं वजन. दर सोमवारी."

"वाचून दाखवता?"

"56... 55.2... 54... 52.6..." 49.8 वर आवाज अडकला. आकडे त्यांनीच लिहिले होते, त्याच सुबक अक्षरात. ओळीनं वाचले मात्र पहिल्यांदाच.

काकू हळूच म्हणाल्या, "भूक लागते हो मला. पण यांच्या तोंडाकडे बघून मागत नाही."

मी काहीच बोलले नाही. बराच वेळ गेला.

"सहा महिने ही सांगत होती, पोट बिघडतंय म्हणून. अ‍ॅसिडिटी असेल, असं मीच म्हटलं. मीच."

"मग ही वही कुणाची शिक्षा, काका?"

"माझी."

"आणि भोगतंय कोण?"

ते काकूंकडे बघत राहिले. मग वही मिटून त्यांनी ती दोघांच्या मधल्या खुर्चीवर ठेवली. हा प्रश्न मी ठरवून विचारला नव्हता, पण बरोबर जागी लागला, हे कबूल करायला हरकत नाही.

ज्यांच्या घरी अशी वही आहे त्यांना सांगते. कॅन्सर होऊ नये म्हणून काय खावं आणि झाल्यावर काय खावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गल्लत तिथेच होते. पहिला हिशेब वर्षानुवर्षांचा. दारू आणि लठ्ठपणा धोका वाढवतात, तंतुमय आहार आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी करतो. प्रक्रिया केलेलं मांस रोज 50 ग्रॅम खाल्लं तर याच कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2015 मध्ये म्हटलं. ऐकायला भयंकर वाटतं. पण शंभरातल्या पाचांना होणार असेल तर सहाजणांना होईल, असा त्याचा अर्थ. आणि हे गणित समूहाचं आहे. एका माणसाच्या गाठीचा माग काढत कुठल्या एका ताटापर्यंत जाता येत नाही.

उपचार चालू असताना मात्र वजन आणि स्नायू टिकवणं आधी. ते घसरले की केमो सोसणं अवघड होतं. दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं, असं सर्वसाधारण प्रमाण आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असेल तर आकडे बदलतात, म्हणून ते आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.

काकांना वही बंद करा असं मी सुचवलं नाही. हिशेबी माणसाचा हिशेबच काढून घेतला तर त्यानं दिवसभर करायचं काय? आहारतज्ज्ञांना भेटून आल्यावर त्यांनी वजनाचा रकाना तेवढा डावीकडे, तारखेशेजारी आणला.

शेवटच्या भेटीत पान उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. 50.1. पुढे लिहिलं होतं, 'केळं, एक. मागून घेतलं.' ग्रॅमचा रकाना कोरा होता.