हेडफोन नंतर, आधी डिसेंबरचा हप्ता

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदाराचं पत्र आहे. ते लिहितात: "वय ४४. हापूसची १८० कलमं. चांगल्या वर्षी खर्च जाऊन चार लाख सुटतात, वाईट वर्षी लाखही नाही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घर तिच्या पगारावर चालतं. मुलगी दहावीत, आई ७२ वर्षांची. मी डबलबारी भजनांचं रेकॉर्डिंग करतो आणि रात्री जुनं नाट्यसंगीत ऐकतो. सध्या सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन आहे. पुण्यात वापरलेला एचडी ८०० सत्तर हजारांत मिळतोय, नवा एचडी ८०० एस १ लाख ४५ हजारांना. जुना घेऊ की नवा? पैशांची अडचण नाही. बाबांच्या मागे आलेले १२ लाख बँकेतल्या साहेबांनी डिसेंबर २०२३ मध्ये गॅरंटीड योजनेत लावून दिलेत, वर्षाला ३ लाखांचे चार हप्ते. दोन भरले. येत्या डिसेंबरात तिसरा भरला की बोनस सुटेल, त्यातून हेडफोन घेईन. पॉलिसीचे कागद जोडलेत, सहज नजर टाका."

नजर टाकली, आणि हेडफोन बाजूला ठेवावा लागला. पॉलिसीचं दुसरं पान काढा. वरून सहावी ओळ: 'प्रीमियम भरण्याचा कालावधी: १० वर्षे'. चार नव्हे, दहा. म्हणजे तुम्ही १२ लाखांची नव्हे, ३० लाखांची बांधिलकी घेतली आहे. बाबांचे पैसे डिसेंबर २०२६ च्या हप्त्याला संपतील. त्यानंतर २०२७ ते २०३२ असे आणखी सहा हप्ते, १८ लाख रुपये, तुम्हाला बागेतून काढायचे आहेत. ज्या बागेतून वाईट वर्षी लाखही सुटत नाही, त्या बागेतून.

आता त्याच पानाखालचा तक्ता बघा. डावीकडे वर्षं, उजवीकडे तुम्हाला मिळणारी रक्कम. तिसऱ्या वर्षासमोर शून्य आहे. चौथ्यासमोरही शून्य आणि अकराव्यापर्यंत शून्यच. पहिले सव्वापाच लाख बाराव्या वर्षाअखेर, म्हणजे डिसेंबर २०३५ मध्ये, आणि तिथून दरवर्षी तेवढेच, एकूण दहा वेळा. तिसऱ्या वर्षाचा बोनस या कागदांत कुठेही नाही. जो पैसा तुम्ही हेडफोनसाठी धरून चालला आहात, तो येणारच नाही.

बँकेच्या पैसे काढायच्या स्लिपच्या मागे साहेबांनी निळ्या पेनाने लिहून दिलेलं तुम्ही फोटोत पाठवलंय: '३ × ४ = १२, मग १७५% गॅरंटी'. या १७५ टक्क्यांचा अर्थ लावू. तुम्ही ३ लाख भरता आणि बरोबर बारा वर्षांनी त्याचे सव्वापाच लाख होतात. प्रत्येक हप्त्याचं हेच गणित. वर्षाला पडतात साधारण पावणेपाच टक्के. पीपीएफचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे. त्या दराने ३ लाखांचे बारा वर्षांत पावणेसात लाखांच्या वर जातात. आणि ही रक्कम १२ लाखांची ठेव म्हणून आली होती, घरात ७२ वर्षांची आई आहे. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तिच्या नावावर ठेवली असती तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला ९८ हजार, दर तीन महिन्यांनी साडेचोवीस हजार हातात आले असते. तिच्या औषधांचा प्रश्न तिथेच मिटला असता. वडील गेल्यानंतरच्या महिन्यात, घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसताना, 'एफडीसारखंच आहे' म्हणत असं काही गळ्यात मारलं जातं, याचा मला मनापासून राग येतो. माझ्याकडे येणाऱ्या कोकणातल्या पत्रांत हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो.

परताव्यापेक्षाही वाईट आहे ती हप्त्याची तारीख: १८ डिसेंबर. डिसेंबर म्हणजे बागायतदाराच्या खिशाला सगळ्यात मोठं भोक. मोहोर जपायचा, तुडतुड्यावर फवारण्या चालू, नेपाळी गड्यांची उचल दिलेली, फवारणीच्या औषधवाल्याचं खातं वाढत चाललेलं. पैसा येणार एप्रिल-मेमध्ये, तोही वाशीच्या दलालाची आधीची उचल वळती होऊन. अशा माणसाला ऐन डिसेंबरात दरवर्षी ३ लाखांचा हप्ता लावून देणाऱ्याने तुमचा धंदा काय हे विचारलं तरी होतं का? २०२७ मध्ये मोहोर गळाला तर हा हप्ता सोनं गहाण ठेवून भरावा लागेल, आणि त्या कर्जाचं व्याज पॉलिसीच्या पावणेपाच टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त असेल.

तर आता काय करायचं? तिसरा हप्ता तूर्त भरू नका. घाबरू नका, वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. जानेवारीच्या मध्यापर्यंत वेळ आहे आणि तोवर विमा चालू राहतो. तेवढ्या दिवसांत कंपनीला लेखी पत्र द्या. हप्त्यांचा कालावधी चार वर्षं सांगून पॉलिसी विकली, स्लिपची प्रत सोबत, पॉलिसी रद्द करून सगळे पैसे परत द्या. फ्री-लुक काळ, म्हणजे नवी पॉलिसी वाचून परत करायची मुदत, केव्हाच उलटली, त्यामुळे 'आता काही होत नाही' असं उत्तर येईल. त्या उत्तरावर थांबू नका. विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. नकारानंतर एक वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात. ती स्लिप तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. मूळ कागद कोणालाही, बँकेतल्या साहेबांनासुद्धा, हातात देऊ नका. 'द्या, मी वरती पाठवतो' असं ते नक्की म्हणतील.

तक्रारीचा निकाल लागेपर्यंत, किंवा तो विरोधात गेला तरी, पॉलिसी सरेंडर करायची, म्हणजे मुदतीआधी मोडायची, घाई नको. कागदातल्या तक्त्याप्रमाणे आत्ता सोडली तर भरलेल्या ६ लाखांपैकी ३० टक्के, १ लाख ८० हजार, हातात येतील. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण असल्याने ती 'पेड-अप' करता येते: पुढे काही भरायचं नाही आणि ठरलेल्या रकमेचा साधारण दोन-दशांश भाग ठरलेल्या वेळी घ्यायचा. म्हणजे २०३५ पासून दहा वर्षं वर्षाला लाखभर. सात टक्के धरून त्याची आजची किंमत ४ लाखांच्या आसपास येते. १ लाख ८० हजारांपेक्षा दुपटीहून जास्त. दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा, माझ्या अंदाजावर सही करू नका.

पेड-अप केल्यावर विम्याचं संरक्षणही त्याच प्रमाणात घटेल. म्हणून त्याआधी ५० लाखांचा साधा मुदत विमा घ्या. तुमच्या वयाला वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात बसावा, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. उरलेल्या ६ लाखांतले दीड लाख बागेच्या एका हंगामासाठी बाजूला ठेवा, म्हणजे औषधवाल्याच्या उधारीवर जगायला नको. साडेचार लाख आईच्या नावाने पोस्टात. तिला दर तिमाहीला सव्वानऊ हजार मिळतील.

आता तुमचा मूळ प्रश्न, आणि तो मला आवडला. मी स्वतः बारा वर्षं एचडी ६०० वर ऐकतोय, त्यामुळे ही ओढ मला कळते.

एचडी ८०० आला २००९ मध्ये, ८०० एस २०१६ मध्ये. दोघांत ५६ मिलिमीटरचा तोच कड्याच्या आकाराचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, आणि तोच ३०० ओहमचा विद्युतरोध. तुमचा ६५० पण ३०० ओहमचाच, तेव्हा आहे तो ॲम्प्लिफायर चालेल. खरा फरक एकच. जुन्यात ६ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तीक्ष्ण आवाजांच्या पट्ट्यात, एक उंचवटा आहे, तिथला आवाज मोठा होऊन टोचतो. नव्यात तो उंचवटा शोषून घेणारी रचना बसवली आहे. बाकी चांदीऐवजी काळा रंग आणि जादा बॅलन्स्ड केबल, ज्याची तुम्हाला गरज नाही.

हा उंचवटा तुमच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. डबलबारीत टाळ-झांजांची चकाकी नेमकी त्याच पट्ट्यात असते. जुन्या ८०० वर ऐकून मिक्सिंग केलंत तर टाळ टोचतात म्हणून तुम्ही ते खाली ओढाल, आणि गावातला माणूस मोबाइलवर ऐकेल तेव्हा भजन मळकट वाटेल. रेकॉर्डिंगच्या कामासाठी ६५० उत्तम आहे, तोच ठेवा. ऐकण्याच्या सुखासाठी घ्यायचा तर जुना ८०० घ्या आणि इक्वलायझर एपीओसारख्या फुकट सॉफ्टवेअरने ६ किलोहर्ट्झजवळ चार-पाच डेसिबल उतरवा. नवा एस वाईट नाही, पण एवढ्या फरकासाठी ७५ हजार जास्त द्यावेत असं मला वाटत नाही.

पण यंदा नको. मे महिन्यात, पेट्यांचा हिशेब पुरा होऊन औषधवाल्याचं खातं कोरं झाल्यावर, रोख पैशांतून घ्या. बिनव्याजी म्हणतात त्या ईएमआयवर तर मुळीच नको. त्यात प्रोसेसिंग फी येते आणि रोखीची सूट जाते. घेताना पुण्याला जाऊन स्वतः ऐका, दोन्ही कानांचा आवाज सारखा आहे का बघा, गाद्या आणि केबल तपासा. हे उघड्या पाठीचे हेडफोन, बाहेरचा आवाज आत येतो, त्यामुळे पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना नाट्यसंगीत ऐकू येणार नाही, हेही मनाशी धरा. जून ते सप्टेंबर तो सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. खारी दमट हवा गाद्यांना बुरशी आणते.

तोवर ६५० च्या गाद्या किती वर्षांच्या आहेत ते बघा. दबल्या असतील तर नव्या घाला, काही हजारांचं काम आहे, आवाजात फरक लगेच कळेल. आणि कंपनीचं उत्तर आलं की मला पाठवा, लोकपालाकडे जायचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.