लॅबमध्ये कातडी तयार होते, मग मांडीवरची का काढायची?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीच्या हातावर उकळतं तेल सांडलं, कोपरापासून मनगटापर्यंत खोलवर भाजलंय. डॉक्टर म्हणतात ग्राफ्टिंग करावंच लागेल, मांडीवरची कातडी काढून लावू. पण आता लॅबमध्ये कातडी वाढवतात असं वाचलं, मग तिला आणखी एक जखम कशाला? मन तयारच होत नाहीये.

उत्तर : ताई, तुमची घालमेल समजतेय, पण मांडीची एवढी धास्ती घेऊ नका. पूर्ण जाडीची कातडी काढत नाहीत, डर्मॅटोम नावाच्या कातडी सोलायच्या यंत्राने वरचा पापुद्रा तेवढा घेतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ, खाली केसांची मुळं शाबूत असतात आणि तिथूनच नव्या पेशी वर येऊन साधारण दोन आठवड्यांत जागा भरून निघते. दुखतं मात्र, सुरुवातीला ग्राफ्टपेक्षा मांडीच जास्त ठणकते, तेव्हा पेनकिलर मागून घ्या. डागही राहू शकतो.

तुम्ही वाचलंत ते खरंय. 1975 मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी माणसाच्या त्वचेच्या पेशी लॅबमध्ये वाढवायची पद्धत बसवली, आणि 1983 मध्ये अमेरिकेत 95 टक्क्यांहून जास्त भाजलेले दोन लहान भाऊ त्याच कातडीमुळे वाचले. 2015 मध्ये जर्मनीत तर त्वचेचा जन्मजात आजार असलेल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या पेशींमधला बिघडलेला जीन दुरुस्त करून त्याची जवळजवळ 80 टक्के त्वचा नव्याने लावली, केवढं मोठं काम आहे हे!

पण ही कातडी म्हणजे मुख्यतः वरचा थर. त्याला मजबुती देणारा खालचा डर्मिस त्यात नसतो, म्हणून ती नाजूक राहते, फोड येतात, आणि ती वाढायला तीनेक आठवडे लागतात, तोवर तुमच्या बहिणीची जखम उघडी ठेवली तर इन्फेक्शनची भीती. ज्यांच्या अंगावर काढायला कातडीच उरलेली नाही त्यांच्यासाठी ती आहे. डर्मिससाठी यानास आणि बर्क या संशोधकांनी कोलॅजेनची (त्वचेला बळकटी देणाऱ्या प्रथिनाची) जाळी बनवली, 1981 मध्ये पेशंटवरचे रिझल्टही मांडले, पण तिच्यावरसुद्धा शेवटी स्वतःचाच पातळ ग्राफ्ट लावावा लागतो. घामाच्या ग्रंथींसकट पूर्ण त्वचा करायची, यावर अजून संशोधन चालूच आहे. एका हातापुरतं भाजलं असेल तर स्वतःच्या कातडीला तोड नाही, माझं तरी हेच स्पष्ट मत आहे.

आता खरी काळजी कुठे घ्यायची ते सांगतो. लावलेल्या कातडीला पहिले दोन दिवस स्वतःचा रक्तपुरवठाच नसतो, खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर ती जगते, मग हळूहळू रक्तवाहिन्या जोडल्या जातात, त्या काळात हात हलला किंवा खाली रक्त साचलं तर ग्राफ्ट सुटतो. म्हणून स्प्लिंट, म्हणजे हात हलू नये म्हणून बांधलेला आधार, कितीही टोचला तरी तिला तो मनाने काढू देऊ नका. नंतर कातडी आक्रसते, तेव्हा डॉक्टर सांगतील तसे व्यायाम आणि प्रेशर गारमेंट (कातडीवर दाब देणारा घट्ट कपडा) महिनोन् महिने, कंटाळा आला तरी.

आणि एक, अखंड शीट लावणार की जाळीदार मेश, हे ऑपरेशनआधीच विचारा. मेश कमी कातडीत जास्त जागा झाकते पण जाळीची नक्षी राहून जाते, हात सतत दिसणारा भाग आहे, तेव्हा शीट शक्य असेल तर तसं बोलून बघा.