गजकर्णाला खनिज मिश्रण दुप्पट करावं का?

प्रश्न : आमच्या नऊ वासरांपैकी पाचांच्या डोळ्यांभोवती नि मानेवर गोल राखाडी चट्टे उठलेत, केसही झडलेत. ‘जस्त कमी पडलंय, खनिज मिश्रण दुप्पट द्या,’ असा सल्ला मिळाला. द्यावं का? धाकट्याच्या हातावरही तसाच गोल उठलाय, पण तो योगायोग असावा.

उत्तर : दुप्पट बिलकूल देऊ नका. मिश्रणात जस्ताबरोबर तांबंही असतं; जादा तांबं यकृतात गुपचूप साठत जातं आणि वासरांना ते बाधतं.

हातमोजे घालून चट्ट्याची कड जरा उचलून बघा. भिंतीच्या पोपड्यासारखी जाड खपली निघाली आणि खाली लालसर, ओली कातडी दिसली, तर बहुतेक गजकर्णच, म्हणजे ट्रायकोफायटॉन व्हेरुकोसम ही बुरशी. तांबं कमी पडलं तरी डोळ्यांभोवतीचे केस विटतात, विरळ होतात, जनावराला चष्मा लावल्यासारखा दिसतो; पण खपली नसते. जस्ताच्या कमतरतेत कातडी जाड होऊन भेगाळते, असे सुबक गोल उठत नाहीत.

नवखा असताना मीही फसलोय. गजकर्ण झालेल्या वासरांचं रक्त तपासलं, जस्त कमी निघालं. मिश्रण वाढवलं, तीन महिन्यांत चट्टे गेले. मी खूश! मग लक्षात आलं, शेजारच्या गोठ्यात काहीच न देता तेवढ्याच दिवसांत गेले होते. हा रोग बहुधा 2 ते 4 महिन्यांत आपसूक ओसरतो. शिवाय अंगात दाह असला की शरीर रक्तातलं जस्त यकृतात ओढून घेतं, आणि तांबं उलट रक्तात वाढतं. म्हणजे कमी जस्तामुळे रोग की रोगामुळे जस्त कमी, हे एका अहवालावरून ठरत नाही. तपासायचंच तर निरोगी वासरांचंही रक्त घ्या, आणि तेही सूक्ष्म खनिजांसाठीच्या गडद निळ्या बुचाच्या नळीत. साध्या रबरी बुचातूनही जस्त नमुन्यात उतरतं.

जस्त, तांबं, अ जीवनसत्त्व पुरेसं असलेलं वासरू लवकर सावरतं, हे खरं. म्हणून मिश्रण रोज द्या, पिशवीवर लिहिलंय तेवढंच. बाधित वासरं वेगळी बांधा, खपल्या भिजवून काढा, गोळा करून जाळा, पशुवैद्य सांगतील ते बुरशीनाशक लावा. खरारा आणि दावी वेगळी ठेवा, कारण खपलीतले बीजाणू गोठ्यात वर्षानुवर्षं टिकतात.

धाकट्याचा चट्टा योगायोग वाटत नाही, ही बुरशी माणसालाही लागते. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि घरी वासरांना गजकर्ण आहे हे आधी सांगा. घरातलं कुठलंही मलम मात्र लावू नका; स्टेरॉइडचं निघालं तर चट्टा पसरतो.