कोल्हापुरात रॉक गार्डनमध्ये शोभेचे अ‍ॅलियम फुलतील का?

अ‍ॅलियम म्हणजे कांदा-लसणाच्या गटातली झाडं. शोभेच्या अ‍ॅलियमच्या फोटोंत दिसतात तसे मोठे जांभळे फुलांचे गोळे हवे असतील, तर सरळ सांगतो, अ‍ॅलियम जायगँटियमचा कंद मागवू नका. ते मूळ मध्य आशियातल्या डोंगरांतलं. फुलाचा दांडा येण्यासाठी त्याला कित्येक आठवडे कडक थंडी लागते, आपल्याकडे ती पडत नाही. वर आपला पावसाळा, त्यात झोपलेला कंद कुजतो.

त्याऐवजी गार्लिक चाइव्ह्ज, म्हणजे अ‍ॅलियम ट्यूबरोसम लावा (नेहमीच्या लसणाची पात नव्हे). चपटी पानं, पांढऱ्या चांदण्यांसारखे झुबके, आणि पानं आमटीतही चालतात. जांभळा रंग हवाच असेल तर तुलबाघिया. ते अ‍ॅलियम नाही, पण त्याच कुळातलं, दक्षिण आफ्रिकेचं, उन्हाला खमकं.

खरी मेहनत निचऱ्याची. पंचगंगेकाठची काळी माती दगडांत तशीच भरू नका, चिकटून बसते. फूटभर उंचवटा करा, मातीत निम्मा मुरूम आणि जाड वाळू मिसळा, भोवती जांभा दगड रचा.

आणि एक माझं आवडतं: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घरातलेच चांगले कांदे दगडांच्या फटीत लावा. थंडी सरता सरता डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात, वर पांढरे गोल गोंडे, त्यावर दिवसभर मधमाश्या. कांदा म्हणजे अ‍ॅलियमच की!